सहाव्या वर्षाचा सातबारा

२०२५ च्या जानेवारीत भिलारला बहिणीकडे मुक्कामाला होतो. पहाटेची तोडणी आटोपली होती. पडवीत क्रेट मांडलेले आणि बहीण शेजारच्या दोघींना घेऊन स्ट्रॉबेरी निवडत बसलेली. मोठं, टणक फळ डब्यांत भरून मुंबईच्या गाडीला, जास्त पिकलेलं जॅमवाल्यांना. तेवढ्यात अमेरिकेतून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यानं थेट विचारलं, "आई, माझ्या नावावर काय काय आहे?"

बहिणीचा हात डबीवरच थांबला. दाजींनी मान वर केली. लांब राहणारा मुलगा हा प्रश्न विचारतो तेव्हा आपल्या घरांत त्याचा एकच अर्थ लागतो. वाटणी.

"का रे? कुणी काही बोललं का तुला?" बहिणीचा आवाज उतरला होता.

"कुणी काही नाही बोललं गं. मी इथे टॅक्स रेसिडेंट झालोय. एप्रिलच्या आत सगळं कळवायचंय."

त्यानंतरचा अर्धा तास त्या पडवीत जे बोलणं झालं, ते आजच्या सदरात लिहितोय. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात आता गावोगावी एखादं तरी पोर अमेरिकेत शिकतंय. २०२३-२४ साली तिथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांतला जो कुणी पीएचडीला किंवा शिकून पुढे नोकरीला थांबतो, त्याच्या घरी कधी ना कधी हा फोन येणार आहे. आणि बहुतेक घरं त्या फोनला तयार नाहीत.

टॅक्स रेसिडेंट झाला म्हणजे नागरिक झाला नाही की ग्रीन कार्ड मिळालं नाही. व्हिसा तोच, भाड्याची खोली तीच. फक्त तिथल्या आयकर कायद्यानं त्याला आता पाहुणा मानणं सोडलं. एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली पाच वर्षं हा कायदा त्याचे दिवस मोजत नाही. त्या काळात तो १०४०-एनआर हा फॉर्म भरतो, सोबत ८८४३ जोडतो आणि फक्त अमेरिकेत मिळालेल्या पैशांवर कर देतो. भिलारला त्याच्या नावावर काय आहे, याच्याशी अमेरिकेला देणंघेणं नसतं. सहाव्या वर्षी दिवस मोजायला सुरुवात होते. १८३ दिवस भरले की तो रेसिडेंट, आणि फॉर्म तिथल्या सगळ्या रहिवाशांचा, नुसता १०४०.

मेख आहे ती वर्ष मोजण्यात. भाचा ऑगस्ट २०१९ मध्ये गेला. आपल्या हिशोबानं त्याची पाच वर्षं ऑगस्ट २०२४ ला भरतात. तिथल्या हिशोबानं २०१९ चे चार-साडेचार महिने म्हणजे अख्खं एक वर्ष, आणि पाचवं वर्ष ३१ डिसेंबर २०२३ च्या रात्री संपलं. २०२४ चं संपूर्ण वर्ष तो रेसिडेंट होता. ते वर्ष त्यानं प्रबंध लिहिण्यात घालवलं आणि त्याला याचा पत्ताही नव्हता. २० डिसेंबरला विमानतळावर उतरलेल्या मुलाचंही एक वर्ष पहिल्या अकरा-बारा दिवसांतच खर्ची पडतं.

जे-१ व्हिसावर गेलेल्या संशोधकांचं आणखी कठीण. त्यांना पाच नव्हे, दोनच वर्षं. इथल्या विद्यापीठातून नोव्हेंबर २०२२ मध्ये पोस्टडॉकला गेलेला माणूस २०२४ उजाडताच दिवसांच्या मोजणीत येतो, जाऊन चौदा महिनेही झालेले नसताना. शिकवायला किंवा संशोधनाला गेलेल्यांसाठी भारत-अमेरिका कर करारात कलम २२ आहे. त्यातली दोन वर्षं मात्र माणूस तिथे पोचल्याच्या तारखेपासून धरतात. एकाच माणसाच्या मुक्कामाची मोजणी दोन तऱ्हांनी होते आणि दोन्ही त्यालाच सांभाळाव्या लागतात.

पाच वर्षांनंतरही नॉनरेसिडेंट राहण्याची एक वाट विद्यार्थ्यांना ठेवलेली आहे. तिथे कायम राहण्याचा इरादा नाही, मूळ देशाशीच आपली नाळ घट्ट आहे, हे कागदोपत्री पटवून द्यावं लागतं. नोकरी शोधणाऱ्या किंवा व्हिसा बदलायच्या तयारीत असलेल्या मुलाला हे पटवणं जड जातं. त्या वाटेवर विसंबून राहू नये.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात ज्यांनी हात धुतलेत त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाचही नद्यांचं पाणी तिथे एकाच गोमुखातून पडतं. सहाव्या वर्षी मुलाच्या पैशांचं तसंच होतं. कॅम्पसवरची नोकरी, तिथल्या बँकेचं व्याज, साताऱ्यातल्या एफडीचं व्याज, गावच्या घराचं भाडं, शेतातला वाटा, सगळं एकाच फॉर्ममधून वाहायला लागतं. जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. ते भारतातून बाहेर नेलं की इथेच ठेवलं, यानं फरक पडत नाही.

म्हणून तो विचारत होता, माझ्या नावावर काय आहे.

बहीण आठवून आठवून सांगू लागली. आजीनं केलेली एफडी. दहावीनंतर उघडलेलं पीपीएफ. तो बारावीत असताना सुरू केलेली आणि अजून चालू असलेली म्युच्युअल फंडाची एसआयपी. बापलेकाचं जॉइंट खातं. प्रत्येक नावाला भाचा तिकडून "हं" म्हणत होता आणि लिहून घेत होता. मग दाजी बोलले. दाजी कमी बोलतात.

"आजोबांनी जाताना वीस गुंठे तुझ्या नावावर करून दिलेत. त्यातलं उत्पन्न तुझं आहे. हंगाम संपला की खर्च वजा करतो आणि उरलेल्याची तुझी एफडी करतो. दरवर्षी. पोराचं ते पोराला."

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याला ही गोष्ट त्या क्षणी पहिल्यांदा कळत होती.

मी दाजींना तीस वर्षं ओळखतो. स्वतःच्या पायातली चप्पल शिवून वापरतील, पण मुलाच्या वाट्याचा रुपया इकडचा तिकडे करणार नाहीत. सातबाऱ्यावर नाव त्याचं आहे ना, मग पैसा त्याचा. त्यांचा सरळपणा खरा आहे आणि तो तसाच राहावा. चूक एकच झाली. ज्याचा पैसा, त्यालाच सांगितलं नाही. आणि ही चूक एकट्या दाजींची नाही. मुलाला कशाला सांगायचं, त्याचं लक्ष उडेल, योग्य वेळी कळेलच, अशा समजुतीनं आपण मुलांच्या नावे जमिनी घेतो, ठेवी करतो, आणि कागद कपाटात साड्यांखाली ठेवतो. मुलगा वाईत किंवा पुण्यात असेल तोवर यानं काही बिघडत नाही. तो अमेरिकेत सहाव्या वर्षात शिरला की याच मायेपोटी त्याच्याकडून अपुरं रिटर्न भरलं जातं, खाली "हे खरं आणि पूर्ण आहे" अशी त्याची सही घेऊन.

त्या वीस गुंठ्यांत स्वीट चार्ली आणि विंटर डॉन स्ट्रॉबेरी लावलेली आहे. दोन्ही जाती फ्लोरिडा विद्यापीठानं काढलेल्या. मदर प्लांट परदेशातून येतात, वाई-पाचगणीच्या रोपवाटिकांत त्यांचे रनर वाढवतात, पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लागण होते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे या फळाच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्नसुद्धा कायदा शेतीचंच धरतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात "शेतीचा पैसा" म्हटलं की आयकराचा विचार तिथेच संपतो.

अमेरिकेचा कायदा ही सूट ओळखत नाही. मालकाच्या वाट्याला आलेलं शेतीचं निव्वळ उत्पन्न त्याच्या १०४० मध्ये जातं. दोन देशांत दोनदा कर बसू नये म्हणून करार आहे. तो १९८९ मध्ये झाला आणि १९९० च्या डिसेंबरात अमलात आला. पण त्यातला दिलासा असा की इथे भरलेला कर तिथल्या करातून वजा मिळतो. एफडीच्या व्याजावर इथे कर कापला गेला असेल तर त्याची वजावट मिळेल. शेतीवर इथे काही भरलेलंच नाही, मग वजा काय करणार? इथली करमाफी तिथे कामाला येत नाही. पीपीएफच्या व्याजाची गत तीच. इथे करमुक्त, तिथे नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे बरीच शिकलेली माणसंही गोंधळतात. कळवणं वेगळं आणि कर भरणं वेगळं.

जमीन थेट स्वतःच्या नावावर असेल तर ती तिथे कळवावी लागत नाही. सातबारा अमेरिकेला पाठवायचा नसतो. त्यातून आलेलं उत्पन्न दाखवायचं असतं. आणि नाव सातबाऱ्यावर असलं तरी कसणारा, खर्च करणारा आणि पैसा घेणारा बाप असेल, तर ते उत्पन्न बापाचं म्हणता येतं. दाजींनी तो पैसा दरवर्षी मुलाच्या नावावर टाकून ते मुलाचं करून ठेवलं होतं.

बँक खात्याचा नियम याच्या बरोबर उलटा. अमेरिकेबाहेरच्या आपल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे साधारण साडेआठ-नऊ लाख रुपये, की एफबार नावाचा अहवाल भरावा लागतो. तो रिटर्नसोबत जात नाही, वेगळ्या सरकारी विभागाकडे ऑनलाइन जातो. त्यावर कर नसतो, नुसती माहिती असते. पण जॉइंट खात्यातली अख्खी शिल्लक त्यात धरतात, अर्धी नाही. दाजींच्या जॉइंट खात्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापाऱ्यांचे पैसे जमतात, मे-जूनमध्ये मदर प्लांटला आणि सोसायटीला जातात. पैसा सगळा दाजींचा. मुलाचं नाव "माझं काही बरंवाईट झालं तर" म्हणून घातलेलं. त्या पैशावर मुलाला कर नाही, तरी ते खातं, त्यातली वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक आणि खाते क्रमांक त्याला कळवावा लागतो. न कळवल्याचा दंड कायद्यात मुळात १०,००० डॉलरपर्यंत आहे आणि महागाईप्रमाणे तो वाढत जातो. मुद्दाम लपवलं असं ठरलं तर याच्या कितीतरी पट.

सगळ्या ठेवी, फंड मिळून वर्षअखेरीस ५०,००० डॉलरच्या वर असतील, किंवा वर्षात कधीही ७५,००० च्या वर गेलेल्या असतील, तर अविवाहित मुलाला रिटर्नसोबत ८९३८ हा आणखी एक फॉर्म लागतो. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडाला तर तिथला कायदा एका वेगळ्याच वर्गात घालतो. मूल्य २५,००० डॉलरच्या आत असेल आणि त्या वर्षात फंडातून काही काढलेलं किंवा मिळालेलं नसेल तर सहसा त्याचा फॉर्म सुटतो. त्यापलीकडे गेलं की हिशोब इतका किचकट होतो, आणि कर इतका जास्त बसू शकतो, की महिना दोन हजारांच्या एसआयपीसाठी तिथल्या करसल्लागार सीपीएला द्यायची फी परवडत नाही. मुलगा परदेशी शिकायला निघाला की त्याच्या नावची एसआयपी थांबवा आणि स्वतःच्या नावे सुरू करा. बहिणीला मी हेच सांगितलं.

"इतक्या लांबून कोण बघतंय?" हा सल्ला त्या दिवशीही आला, शेजारच्या एका शहाण्या माणसाकडून. त्याला उत्तर देतो. ९ जुलै २०१५ रोजी भारत आणि अमेरिका यांनी माहिती देण्याघेण्याचा करार केला. तेव्हापासून आपल्या बँका, फंड कंपन्या अमेरिकेच्या करनिवाशांच्या खात्यांची माहिती आपल्या आयकर खात्याला देतात आणि तिथून ती पुढे जाते. केवायसीच्या फॉर्मवर एक ओळ असते, "भारताबाहेर करनिवासी आहात का?" घरोघरी वडील मुलाच्या वतीनं तिथे "नाही" वर खूण करतात, कारण मुलगा आपल्यासाठी भारतातलाच असतो. सहाव्या वर्षापासून ती खूण खोटी ठरते. शिवाय रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्येच सांगून ठेवलंय की शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्याच्या दृष्टीनं अनिवासी आहे. म्हणजे त्याचं साधं बचत खातं अनिवासींचं एनआरओ खातं व्हायला हवं होतं, आणि तेही पहिल्याच वर्षी.

पण कुणी बघतंय म्हणून भरा, असं मला म्हणायचं नाही. त्या पोरानं पाच वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत, तिथल्या लोकांच्या करातून आलेल्या अनुदानावर काम केलं. त्याला हिशोब चोख ठेवायचा आहे. त्याला तसं करू द्या.

आणखी एक फटका त्याला आधीच बसला होता. २०२४ मध्ये त्याला प्रबंध पुरा करण्यासाठी फेलोशिप मिळाली. नॉनरेसिडेंट असताना अशा पैशातून १४ टक्के आधीच कापले जात. रेसिडेंट झाला आणि कपात थांबली, पैसे पूर्ण हातात येऊ लागले. त्याला वाटलं, फेलोशिपवर करच नाही. तसं नाही. फीमध्ये गेलेला भाग सुटतो, राहण्याखाण्यासाठी मिळालेल्या भागावर कर लागतो, तो कुणी कापत नाही आणि वर्षातून चार हप्त्यांत आपणच भरायचा असतो. राहण्याखाण्याची फेलोशिप वर्षाला ३०,००० डॉलर धरा. २०२४ ची १४,६०० ची ठरीव वजावट गेली, उरले १५,४००. त्यावर केंद्राचा कर साधारण १,६०० डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. खोलीभाडं देऊन महिन्याकाठी शे-दोनशे डॉलर शिल्लक टाकणाऱ्या मुलाला एप्रिलमध्ये ही रक्कम एकदम उभी करायला सांगणं काय असतं, ते ज्यानं सोसायटीचा हप्ता भरलाय त्याला सांगावं लागत नाही. शिकून नोकरीला लागलेल्यांचंही असंच. पहिली पाच वर्षं पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापलं जात नाही. रेसिडेंट झाल्यावर ७.६५ टक्के जातात.

रेसिडेंट होण्यात फायदेही आहेत. नवराबायकोला एकत्र रिटर्न भरता येतं, फी स्वतः भरली असेल तर शिक्षणाची सवलत मागता येते. ते पाहावेत.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. हे त्याला पाच वर्षांत कुणीच का सांगितलं नाही? साताऱ्यापासून सांगलीपर्यंत परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीच्या पाट्या लागल्यात. त्या प्रवेश मिळवून देतात, कर्ज मिळवून देतात, व्हिसाच्या मुलाखतीची तालीम घेतात, बॅगेत प्रेशर कुकर कुठे ठेवायचा तेही सांगतात. लाखांत फी घेऊन एक छापील पान देत नाहीत, की बाबा, तू ज्या वर्षी उतरशील ते पहिलं वर्ष, आणि सहाव्या वर्षी हे असं होईल. तिकडच्या विद्यापीठांचीही गोष्ट फार वेगळी नाही. पाच वर्षं नॉनरेसिडेंटसाठी असलेलं सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला फुकट देतात. सहाव्या वर्षी भाच्यानं त्यात माहिती भरली तर उत्तर आलं, तुम्ही रेसिडेंट आहात, हे तुमच्यासाठी नाही. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, आम्ही करसल्ला देऊ शकत नाही. ज्या वर्षी प्रश्न खरोखर अवघड होतो, नेमकं त्याच वर्षी पोराला दारात उभं करून दार लावून घ्यायचं, याला सेवा म्हणत नाहीत. कायदेशीर सल्ला देऊ नका. पण परदेशी ठेवी, जॉइंट खाती, एफबार हे चार शब्द असलेलं पत्र पाचव्या वर्षीच्या नाताळाआधी पाठवायला वकील लागत नाही.

साताऱ्याला तर या विषयाशी जुनं नातं आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाचं नाव घातलं गेलं, ते भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला पोचले. अमेरिकेच्या राज्यघटनेत प्राप्तिकराला जागा देणारी सोळावी दुरुस्ती त्याच वर्षी फेब्रुवारीत मंजूर झाली होती, आणि कराचा कायदा ऑक्टोबरात झाला. कोलंबियात त्यांचे प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन, त्या कराचे अमेरिकेतले मोठे पुरस्कर्ते आणि १९११ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिलेले. पुढे बाबासाहेबांच्या ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या ग्रंथाला सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. साताऱ्यात शिकलेल्या मुलानं शंभर वर्षांपूर्वी तिथे जाऊन सार्वजनिक पैशाचं शास्त्र मुळापासून आत्मसात केलं. याच जिल्ह्यात कर्मवीरांनी कमवा आणि शिका रुजवलं, कष्टाचा पैसा आणि शिक्षण एकत्र चालवायला शिकवलं. त्या जिल्ह्यातल्या घरांत पैशाबद्दल मुलांशी उघड बोलायला संकोच वाटावा, हे मला पटत नाही.

माहीत नव्हतं म्हणून किती महागात पडतं, त्याचा एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अलेक्झांड्रू बिट्नर मूळचे रुमानियाचे, अमेरिकेचे नागरिक, परत जाऊन रुमानियात राहिले. पाच वर्षांचे एफबार वेळेत भरले नाहीत. खाती २७२ मोजली गेली. आयकर खात्यानं प्रत्येक खात्याला १०,००० डॉलर असा २७ लाख २० हजार डॉलरचा दंड लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की मुद्दाम केलेलं नसेल तर दंड खात्यामागे नाही, अहवालामागे. दंड ५०,००० वर आला. आपल्या मुलांची खाती चार-पाचच असतात, पण एका अहवालाचा दंडही विद्यार्थ्याला झेपणारा नाही.

कुणाच्या मुलाचं आधीच राहून गेलं असेल तर घाबरून गप्प बसू नका, हे मुद्दाम लिहितोय. उत्पन्न सगळं दाखवलं असेल आणि फक्त एफबार राहिला असेल, तर कारण लिहून उशिरा भरता येतो आणि खात्यानं आधीच पत्र पाठवलेलं नसेल तर सहसा दंड होत नाही. व्याज वगैरे दाखवायचं राहिलं असेल आणि ते अजाणता झालं असेल, तर तीन वर्षांची रिटर्न दुरुस्त करून, सहा वर्षांचे एफबार भरून आणि त्या ठेवींवर पाच टक्के दंड देऊन प्रकरण मिटवायची सोय आहे. खात्याचं पत्र यायच्या आत गेलात तरच ती मिळते. यासाठी दोन्हीकडचा कायदा जाणणारा माणूस गाठा. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

भाच्याचं नशीब एवढंच, की त्यानं जानेवारीत विचारलं. १५ एप्रिलला तीन महिने होते. आधीच्या पाच वर्षांत शेतातून आलेल्या पैशाचा प्रश्नच नव्हता, तेव्हा तो नॉनरेसिडेंट होता. सगळा हिशोब २०२४ पासूनचा. बहिणीनं त्याच दुपारी, गाडी गेल्यावर, तोडणीच्या हिशोबाच्या वहीचं शेवटचं पान काढलं. बँकेचं नाव, शाखा, खाते क्रमांक, कुणासोबत जॉइंट, वर्षातली मोठ्यात मोठी शिल्लक, मिळालेलं व्याज, कापलेला कर. दाजींनी वीस गुंठ्यांचा हिशोब वेगळा लिहिला: रोपं, मल्चिंग, ठिबक, मजुरी, भाडं, आणि हातात राहिलेले. सगळं मिळून एक पान झालं. फोटो काढून पाठवलं. तासाभरानं त्याचा निरोप आला, "बाबा, तुम्ही एवढं करत होता हे मला माहीत नव्हतं."

तुमच्या घरातलं कुणी तिकडे असेल तर ते जाऊन किती कॅलेंडर वर्षं झाली ते आज मोजा. ज्यांचं चौथं-पाचवं चालू आहे त्यांच्यासाठी अजून वेळ आहे. एसआयपी थांबवता येईल, गरज नसलेल्या जॉइंट खात्यातून नाव काढता येईल, एनआरओचा अर्ज देता येईल. एफबारची मुदत १५ एप्रिल, चुकली तर न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते. भिलारच्या घरांना दोन्ही तारखा अडचणीच्या, एकीला हंगामाची शेवटची तोडणी आणि दुसरीला लागण. म्हणून ते पान जुलै-ऑगस्टात लिहा, पाऊस कोसळत असताना आणि शेतात पाऊल टाकता येत नसताना. जानेवारीत त्यात नुसते आकडे भरा आणि पोराला पाठवा.